सडात ट्यूब सोडण्याआधी, आणि सोडल्यानंतरही

कास एका बाजूने सुजली आणि धारेत गुठळ्या आल्या, की बहुतेक गोठ्यांवर पुढचा अर्धा तास ठरलेला असतो. कोनाड्यातली प्रतिजैविकाची ट्यूब निघते, सडात जाते, जोडीला मानेत एक इंजेक्शन होतं. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही तर औषध बदलतं, तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलतो. दुभत्या जनावरांना प्रतिजैविकं सर्वांत जास्त दिली जातात ती दगडीसाठी, म्हणजे कासदाहासाठी. औषधाला दाद न देणारे जंतू गोठ्यात तयार होतात तेही मुख्यतः याच अर्ध्या तासात. म्हणून इथे सगळा भर दगडीवर दिला आहे. बाकीचे आजार थोडक्यात येतील.

जंतू औषधाला सरावतात म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. सडात कोट्यवधी जंतू असतात. त्यांतल्या थोड्यांना ते औषध मुळातच सोसतं. मात्रा अपुरी पडली तर नाजूक जंतू मरतात, चिवट उरतात आणि रिकाम्या झालेल्या जागेत तेच वाढतात. शिवाय औषध पचवण्याची ही युक्ती ज्या जनुकात असते ते जनुक एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. त्यामुळे शेणातला, सडातला आणि धार काढणाऱ्याच्या हातावरचा जंतू हे तीन वेगळे प्रश्न राहत नाहीत. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेचा हा धोका सांगून ठेवला होता.

पहिल्या चार चिळकांड्या

प्रत्येक धारेला, प्रत्येक सडातून पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या कपात किंवा काळं फडकं ताणलेल्या वाटीत घ्याव्यात. गोठ्याच्या जमिनीवर सोडू नयेत. तिथे काही दिसत नाही आणि जंतू मात्र पसरतात. जे दिसेल त्यावरून तीन पायऱ्या ठरवायच्या.

पहिली पायरी: दुधात बारीक कण किंवा गुठळ्या आहेत, पण कास मऊ आहे, गाय खाते आहे, रवंथ चालू आहे. दुसरी: दूध बिघडलंच आहे, शिवाय तो सड आणि त्यावरचा कासेचा भाग गरम, कडक, दुखरा आहे. तिसरी: दूध पिवळट पाण्यासारखं किंवा रक्ताळ, कान गार, डोळे खोल, गाय आंबोणाला तोंड लावत नाही, उठायला तयार नाही. तिसऱ्या पायरीवर वाट बघायची नाही. लगेच डॉक्टर, नाहीतर १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन. अशा वेळी बहुधा ई. कोलायसारखा जंतू असतो आणि गाय मरते ती त्याच्या विषाने. तिला सलाईन, सूज-वेदनेवरचं औषध आणि रक्तातून प्रतिजैविक, तिन्ही लागतात. इथे प्रतिजैविक वाचवायला जाणं म्हणजे गाय घालवणं.

पहिल्या दोन पायऱ्यांवर मात्र एक दिवस हातात असतो, आणि बहुतेक वेळा तोच वाया जातो. थर्मामीटर लावा. गाईचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०३ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. ताप नसेल तर आधी नमुना, मग सूज-वेदनेवरचं औषध, तो सड दिवसातून चार-पाच वेळा पिळून रिकामा करणं, आणि अहवालाची वाट. सौम्य कासदाहात कितीदा तरी जंतूंना गाईच्या शरीराने आधीच संपवलेलं असतं, गुठळ्या म्हणजे फक्त लढाईनंतरचा कचरा. अशा सडात सोडलेली ट्यूब कुणालाच मारत नाही. फक्त दूध फेकायला लावते. वेदनेचं औषध मागताना मेलोक्सिकॅम मागा. डायक्लोफिनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन आणि असेक्लोफिनॅक २०२३ पासून, कारण ही औषधं दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात.

सुप्त दगडीत दूध डोळ्यांना चांगलं दिसतं, फक्त कमी होत जातं. तिच्यासाठी महिन्यातून एकदा चार कप्प्यांच्या पॅडलवर चाचणी करावी. प्रत्येक कप्प्यात साधारण २ मिली दूध, तेवढंच सीएमटीचं, म्हणजे कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं द्रावण, दहा सेकंद गोल फिरवायचं आणि वीस सेकंदांच्या आत वाचायचं. घट्ट लिबलिबीत झालं तर त्या सडात जंतूंशी लढणाऱ्या पेशी वाढल्या आहेत. द्रावण नसेल तर १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम धुण्याची पावडर विरघळवून तेही चालतं, अचूकता थोडी कमी. व्यायल्यानंतरचे पहिले पाच दिवस आणि आटत आलेल्या गाईत ही चाचणी फसवते. आणि महत्त्वाचं: सुप्त दगडी निघाली म्हणून दुभत्या गाईला लगेच ट्यूब द्यायची नसते. कोणता सड, किती महिने, हे वहीत लिहा. उपचाराची खरी वेळ आटवताना, म्हणजे व्यायच्या आधी धार बंद करताना येते.

नमुना: दहा मिनिटांचं काम, पण नेमकं

औषधाचा पहिला थेंब जाण्याआधी नमुना घ्यायचा. नंतर घेतलेल्या नमुन्यात जंतू वाढत नाही आणि अहवाल 'काही नाही' असा येतो.

सड कोरडे पुसून घ्या. स्पिरिटचा, म्हणजे ७० टक्के अल्कोहोलचा बोळा घेऊन सडाचं टोक घासा. बोळा पांढराच राहीपर्यंत नवा बोळा घेत राहा. पुसताना आधी पलीकडचे सड, मग आपल्याकडचे. नमुना घेताना उलट: आधी आपल्याकडचा, मग पलीकडचा, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. पहिल्या तीन चिळकांड्या सोडून निर्जंतुक नळी आडवी धरून ५ ते १० मिली दूध घ्या. झाकण खाली ठेवायचं नाही, हातातच धरायचं, आतली बाजू खाली करून. नळीवर गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक, सड आणि तारीख लिहा. बर्फात ठेवून २४ तासांत पोचवा. जमणार नसेल तर गोठवा. धुतलेली औषधाची बाटली किंवा पाण्याची बाटली वापरली तर अहवालात चार जंतू येतात आणि त्यांतला एकही खरा नसतो.

तपासणीसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. शिरवळ, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही चौकशी करावी. जंतूची ओळख आणि औषध-संवेदनशीलता मिळून दोन-तीन दिवस लागतात. अहवालात प्रत्येक औषधापुढे संवेदनशील, मध्यम किंवा प्रतिरोधक असं येतं. संवेदनशील औषधं पाच असतील तर सर्वांत भारी निवडायचं नाही, सर्वांत साधं निवडायचं.

साधं औषध आधी का

सेफ्ट्रायॅक्सोन, सेफ्टिओफर यांसारखी तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स, एन्रोफ्लॉक्सासिन आणि त्याच्या घरातली औषधं, तसंच कोलिस्टिन हे गट जागतिक आरोग्य संघटनेने माणसांसाठी सर्वाधिक महत्त्वाच्या यादीत ठेवले आहेत. एन्रोफ्लॉक्सासिन गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग सिप्रोफ्लॉक्सासिन होतो. म्हणजे घरातल्या माणसाला डॉक्टर लिहून देतात तीच गोळी. कोलिस्टिन पचवणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये सापडलं. भारताने २०१९ मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान्सवरही २०२५ मध्ये बंदी आली. दुकानात जुना साठा समोर आला तरी घेऊ नका.

गोठ्यावर मात्र उलट चालतं. 'जोरात असलेलं द्या' असा आग्रह मालकाचाच असतो आणि डॉक्टरही कधीकधी तो मोडत नाहीत. पण स्ट्रेप्टोकोकस असेल तर पेनिसिलीन बहुधा पुरतं. ते अहवालावरून कळतं, औषधाच्या किमतीवरून नाही. शिरेतून किंवा स्नायूत दिलेलं प्रत्येक औषध कासेत सारखं उतरत नाही, त्यामुळे महागडं इंजेक्शन देऊनही सडात काहीच न पोचणं शक्य असतं. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूला पेनिसिलीन जिच्यावर घाव घालतं ती पेशीभित्तीच नसते, तिथे पेनिसिलीनच्या कितीही ट्यूब व्यर्थ. दोन औषधं मिसळली की दुप्पट काम होतं हेही खरं नाही: पेनिसिलीन वाढत्या जंतूला मारतं, टेट्रासायक्लिन जंतूची वाढच थांबवतं, एकत्र दिल्यावर पहिल्याचा जोर उतरतो.

वजन डोळ्यांनी मोजू नका

अपुऱ्या मात्रेचं सर्वांत साधं कारण हे. शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलो. ७२ इंच घेर आणि ६२ इंच लांबीची संकरित गाय ४८७ किलो भरते. तीच 'साडेतीनशेची असेल' म्हणून मात्रा काढली तर औषध २८ टक्के कमी पडलं. दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्सिटेट्रासायक्लिनची, २०० मिलिग्रॅम प्रति मिली असलेल्या बाटलीची, नेहमीची मात्रा दर १० किलोला १ मिली आहे. म्हणजे या गाईला ४९ मिली. सर्रास दिली जाते ती ३०. पूर्ण मात्रा एकाच जागी टोचू नका, १० मिलीच्या वर एका ठिकाणी गेलं की गाठ होते आणि औषध तिथेच अडकतं.

ट्यूब सोडताना

सड पूर्ण पिळून रिकामा करा. ०.५ टक्के आयोडीनच्या डिपमध्ये बुडवा, तीस सेकंद थांबा, कागदाने कोरडा पुसा. मग स्पिरिटचा बोळा, नमुन्याच्या वेळेसारखाच. ट्यूबचं टोक सडाच्या तोंडात ३-४ मिलिमीटरच सरकवा. अख्खी नळी आत घातली की सडाच्या तोंडाशी असलेला मेणासारखा थर खरवडला जातो. जंतू अडवणारा तोच पहारेकरी आहे. औषध सोडून सडाचं टोक चिमटीत धरा, दुसऱ्या हाताने औषध वर कासेकडे सारा. पुन्हा डिप. गाय अर्धा तास उभी राहावी म्हणून गव्हाणीत चारा टाका.

एक ट्यूब, एक सड. अर्धी इकडे अर्धी तिकडे केली तर दोन्हीकडे मात्रा अपुरी आणि जंतू एका सडातून दुसऱ्यात. ट्यूब घट्ट आहे म्हणून गरम पाण्यात बुडवून ठेवायची नाही.

यापेक्षाही वाईट म्हणजे इंजेक्शनची वायल सलाईनमध्ये विरघळवून, सुई काढलेल्या सिरिंजने किंवा नळीने सडात भरणं. त्या पाण्याबरोबर यीस्ट किंवा प्रोटोथेका नावाचं शेवाळ आत जातं. या दोघांवर कोणतंच प्रतिजैविक चालत नाही, उलट प्रतिजैविकाने आजूबाजूचे जंतू मेले की त्यांचं फावतं. 'चार औषधं बदलली, सड आणखीच सुजतो' अशा गाईत ही शंका आधी घ्यावी आणि ट्यूब थांबवून नमुना पाठवावा. काही ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सूज पटकन उतरते आणि बरं झाल्यासारखं वाटतं. गाभण गाईला स्टेरॉइड देण्याआधी डॉक्टरांना महिना सांगा, शेवटच्या महिन्यांत गाभडण्याचा धोका असतो.

औषध सुरू केल्यावर ४८ तास बदलायचं नाही. गाय खालावत असेल तर गोष्ट वेगळी. ताप, भूक, कासेचा कडकपणा यांत उतार दिसला तर ठरलेले दिवस पूर्ण करा. गुठळ्या आणखी दोन-तीन दिवस राहू शकतात, त्या उरल्या म्हणून जादा ट्यूब नको. आणि दुसऱ्या दिवशी दूध स्वच्छ दिसलं म्हणून उरलेल्या ट्यूब पुढच्या गाईसाठी ठेवणंही नको.

स्टॅफिलोकोकस ऑरियसची जुनी दगडी, चौथ्या-पाचव्या वेताची गाय, हाताला गाठी लागणारा सड: इथे औषधाने बरं होण्याची आशा खरंच कमी असते. परदेशी पुस्तकं अशी गाय कळपातून काढा म्हणतात. महाराष्ट्रात कायदा आणि मन दोन्ही तसं करू देत नाहीत. मग तिची धार सर्वांत शेवटी काढा, तिच्यानंतर हात आणि मशीन धुवा, तो एक सड डॉक्टरांना विचारून कायमचा आटवा. तिन्ही सडांवर गाय बऱ्यापैकी दूध देते.

कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम हा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही प्रसारात आणला आहे. तिन्ही वाटून लालसर होतं. मूठभर घेऊन त्यात पाणी घालून पातळ करायचं आणि धुतलेल्या कासेला दिवसातून दहा वेळा, किमान पाच दिवस लावायचं. पहिल्या पायरीवर, अहवाल येईपर्यंतच्या काळात तो जरूर लावावा. तापलेल्या, न खाणाऱ्या गाईला त्यावर ठेवू नये.

जिथे प्रतिजैविक लागतच नाही

तिवा (तीन दिवसांचा ताप), लाळ्या खुरकूत, लम्पी हे विषाणूंचे आजार. जखमेत पू झाला किंवा न्यूमोनिया झाला तरच डॉक्टर प्रतिजैविक देतील. गोचीड तापात थायलेरिया या रक्तातल्या परजीवीला त्याचं वेगळं औषध असतं, म्हणून रक्ताचा काचपट्टीवरचा नमुना तपासल्याशिवाय टोचायला सुरुवात करू नका. जार अडकला आणि ताप नाही, गाय खाते, तर ओढायचा नाही आणि गोळ्या आत सारायच्या नाहीत. रोज दोनदा तापमान घ्यायचं. वासराच्या हगवणीत आधी क्षार-साखरेचं पाणी, दूध बंद न करता. रक्त, ताप किंवा मलूलपणा दिसला तरच पुढचं. आणि उपचार चालू असलेल्या गाईचं दूध वासराला पाजणं हा सर्वांत जुना काटकसरीचा प्रकार आहे: थोडं थोडं औषध रोज पोटात, म्हणजे प्रतिरोधक जंतूंची नर्सरीच.

आटवताना

व्यायच्या साठ दिवस आधी आटवा. सगळ्या गाईंच्या चारही सडांत ट्यूब भरण्याची पद्धत आता मागे पडते आहे. युरोपीय संघात २०२२ पासून सरसकट प्रतिबंधात्मक वापराला मनाई आहे. निवड अशी करा: या वेतात दगडी झाली किंवा आटवतानाच्या चाचणीत लिबलिबीत झालं, तर आटवतानाची दीर्घ असर असलेली ट्यूब. दोन्ही नसेल तर फक्त सडाचं तोंड आतून बंद करणारं बिस्मथचं सील. सीलसोबत औषध जात नसल्याने स्वच्छता चुकली तर जंतू आतच कोंडतात. घाईच्या दिवशी हे काम काढू नका. दूध जास्त असेल तर आधीच्या आठवड्यात आंबोण कमी करा.

धार काढताना अंगठा दुमडण्याची सवय आणि मशीनचे झिजलेले लायनर (सडावर बसणाऱ्या रबरी नळ्या) हे दोन्ही सडाचं तोंड फाडतात. रबरी लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलायचे असतात. एका क्लस्टरवर, म्हणजे चार लायनरच्या एका संचावर दहा गाई, दोन वेळा, म्हणजे रोज वीस धारा. १२५ दिवसांत लायनर संपले. वर्षभर तेच चालवणाऱ्या गोठ्यात ट्यूबचं बिल लायनरच्या बिलाहून कितीतरी मोठं येतं.

दूध परत कधी घालायचं

लेबलवर 'शेवटच्या मात्रेनंतर ७२ तास' लिहिलं असेल आणि शेवटची ट्यूब सोमवारी संध्याकाळी ६ वाजता गेली, तर मुदत गुरुवारी ६ वाजता संपते. गुरुवारी साडेपाचला काढलेली धार बाद, शुक्रवारी सकाळची चालेल. मोजणी शेवटच्या मात्रेपासून, पहिल्या नव्हे. चारही सडांचं दूध बाद. औषध रक्तातून बाकीच्या सडांत जातं. दोन औषधं दिली असतील तर लांबची मुदत धरा. मात्रा वाढवली किंवा लेबलवर नसलेल्या कामासाठी वापरलं तर डॉक्टरांकडून नवी मुदत लिहून घ्या. लेबलवर मुदतच नसेल तर औषध नियमांप्रमाणे दुधासाठी किमान ७ दिवस.

उकळून औषध जात नाही. किती थोड्याने बिघडतं त्याचा हिशोब बघा: १ लाख युनिट पेनिसिलीन म्हणजे ६० मिलिग्रॅम. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची मर्यादा दर किलो दुधाला ४ मायक्रोग्रॅम. १ लाख युनिटच्या एका ट्यूबमधलं दहावा हिस्सा औषध जरी धारेत उतरलं तरी १,५०० लिटर दूध मर्यादेला टेकतं. त्या दुधाचं दही लागत नाही, कारण विरजणाचे जंतूही पेनिसिलीनला मरतात. 'दही पातळ राहतं' ही तक्रार कधीकधी इथून येते.

म्हणून उपचार सुरू होताच मागच्या दोन्ही पायांना लाल पट्टी बांधा, पहाटे धार काढणाऱ्याला अंधारातही दिसेल अशी. गोठ्यातल्या फळ्यावर बिल्ला क्रमांक, औषध, शेवटच्या मात्रेची तारीख-वेळ आणि दूध सुरू करण्याची तारीख-वेळ. तिची धार शेवटी, वेगळ्या भांड्यात. बाद दूध विहीर आणि ओढ्यापासून लांब खड्ड्यात. गोबरगॅसमध्ये ओतलं तर गॅस करणारे जंतूच दुखावतात.

इतकं करूनही चुकून ते दूध कॅनमध्ये गेलं, तर कॅन संकलन केंद्रावर रिकामा होण्याआधी सांगा. बल्क कूलरमध्ये, म्हणजे सगळ्यांचं दूध गार करायच्या टाकीत ओतण्यापूर्वी सांगितलं तर तुमचे वीस-तीस लिटर जातात. डेअरीच्या दारात टँकरच्या नमुन्यात तपासणीच्या पट्टीवर औषध दिसलं तर अख्खा टँकर परत येतो, आणि त्यानंतर प्रत्येकाच्या राखून ठेवलेल्या नमुन्यावरून नाव शोधलं जातं.